तीन मिलिमीटरचा हिशेब: मास्टवर क्लीट, विंच आणि ट्रॅक कशाने बसवायचे

जून आला की मुंबई बंदरातल्या शिडाच्या बोटी पाण्याबाहेर येतात, मास्ट (शिडाच्या डोलकाठ्या) उतरवून आधाराच्या घोड्यांवर आडवे होतात आणि वर्षभर "नंतर बघू" म्हणून ढकललेली कामं एकदम समोर येतात. इथे एक क्लीट (दोरी अडकवायचं शिंग) हवं, तिथला विंच (दोरी ओढायचा ड्रम) हातभर खाली हवा, हा ट्रॅक (फिटिंग सरकायची पट्टी) हलतोय. मग कोणीतरी ड्रिल मशीन आणि पिशवीभर स्क्रू घेऊन उभा राहतो, आणि पिशवीतला सगळ्यात जाडा स्क्रू उचलतो. जाडा म्हणजे भक्कम, हे घराच्या भिंतीत खरं असेल. मास्टची भिंत तीन मिलिमीटर असते. पलीकडे पोकळी.

हा लेख साधारण २२ ते ३० फुटी बोटीच्या ॲल्युमिनियमच्या मास्टबद्दल आहे. लाकडी आणि कार्बनच्या मास्टबद्दल शेवटाकडे थोडं सांगतो. श्राउड (कडेच्या ताणतारा), फोरस्टे (पुढची ताणतार) आणि स्प्रेडर (तारांना बाहेर धरणाऱ्या आडव्या दांड्या) ज्या फिटिंगवर अडकवलेले असतात त्यांना मात्र या लेखाच्या भरवशावर हात लावू नका. मास्ट त्यांच्यावर उभा असतो. तिथे मास्ट बनवणाऱ्याचं ड्रॉइंग किंवा मास्ट नि तारांचं काम करणारा अनुभवी रिगर हवा.

आधी भिंत मोजा

मास्ट खाली आहे तोवर त्याचं बूड उघडं असतं. वर्नियर लावा आणि चारही बाजूंना मोजा. शिडाची खाच असलेली मागची बाजू जाड असते, पुढची आणि कडेची पातळ. या आकाराच्या बोटींवर कडेला अडीच ते साडेतीन मिलिमीटर मिळतात; डिंगीवर, म्हणजे छोट्या शिडाच्या होडीवर, दोन किंवा त्याहून कमी. बूड गाठता येत नसेल तर एखाद्या जुन्या भोकात तारेचा छोटा आकडा घाला, आतल्या कडेला अडकवून ओढा, बाहेरच्या कडेशी नखाने धरा आणि बाहेर काढून ते अंतर मोजा. अगदी अचूक येणार नाही, पण दोन की तीन एवढं नक्की कळतं.

आता हा आकडा आट्यांशी जुळवून बघा. एम५ (५ मिलिमीटर व्यासाच्या) स्क्रूचे आटे दर ०.८ मिलिमीटरवर असतात, म्हणजे ३ मिलिमीटरच्या भिंतीत पावणेचार आटे धरतात. एम६ चे आटे १ मिलिमीटरवर, म्हणजे बरोबर तीन. एम८ चे १.२५ वर, अडीचसुद्धा मिळत नाहीत, आणि त्यातला पहिला नि शेवटचा अर्धवट. निदान तीन पूर्ण आटे धरले पाहिजेत, हा जुना नियम मी मोडत नाही. शिवाय एम८ पाहिला की हात आपोआप मोठ्या पान्याकडे जातो, आणि पाव फेरा जास्त दिला की आटे मरतात. म्हणून ३ मिलिमीटरच्या भिंतीला एका एम८ पेक्षा चार एम५ कधीही बरे. दोन मिलिमीटरच्या भिंतीत आटे पाडायचा विचारच सोडा, तिथे रिव्हेट (भोकात घालून ओढला की आत फुगणारी धातूची खीळ).

ओढ कुठून कुठे आहे ते बघा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. फिटिंग हातात धरा, मास्टवर टेकवा आणि दोरी जशी येणार तशी ओढून बघा. ओढ भिंतीला समांतर असेल तर रिव्हेट आणि स्क्रू दोन्ही उत्तम काम करतात, कारण आडवं कापायचं तर अख्खा धातू कापावा लागतो. ओढ भिंतीतून उपटून काढणारी असेल तर सगळा भार त्या तीन आट्यांवर, किंवा रिव्हेटच्या आतल्या फुगलेल्या टोकावर येतो. रिव्हेट या कामात कच्चा असतो.

गंमत अशी की बहुतेक फिटिंगना दोन्ही ओढी बसतात. हॅलियार्डचं, म्हणजे शीड वर चढवायच्या दोरीचं, साधं क्लीट घ्या. दोरी वरून येते आणि क्लीटला सरळ वर ओढते, म्हणजे समांतर. पण दोरी भिंतीला चिकटून जात नाही. क्लीटच्या उंचीमुळे ती पंचवीसेक मिलिमीटर बाहेर असते. त्या अंतरामुळे क्लीट वरच्या कडेवर टेकून उलटू पाहतं. वरचा स्क्रू सुटेल असं वाटतं, पण उपटला जातो खालचा. जुन्या बोटींवर क्लीटच्या खालच्या टोकाशी नखभर फट दिसते ती यामुळेच. म्हणून क्लीट निवडताना जितकं बसकं आणि त्याची दोन भोकं जितकी लांब लांब, तितकं खालच्या स्क्रूचं दुखणं कमी. विंचची गोष्ट हीच, फक्त त्याचा ड्रम आणखी बाहेर असतो आणि भार कितीतरी मोठा.

मास्टच्या पायाशी ब्लॉक (दोरीची पुली) लावून हॅलियार्ड कॉकपिटकडे वळवत असाल तर आणखी एक हिशेब करा. दोरी काटकोनात वळली की ब्लॉकवर दोरीतल्या ताणाच्या साधारण १.४ पट ओढ येते. पूर्ण उलटी वळली तर दुप्पट. ती ओढ तिरकी, मास्टपासून लांब नेणारी असते. असा ब्लॉक मास्टच्या भिंतीवर दोन रिव्हेटनी लटकवण्यापेक्षा मास्टच्या पायाच्या पट्टीला किंवा डेकला बांधलेला चांगला.

बूम म्हणजे शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी; तिला खाली ओढून धरणाऱ्या व्हँगचं खालचं ब्रॅकेट हा यातला सगळ्यात वाईट गुन्हेगार. व्हँग बूमला खाली ओढतो तेव्हा गूजनेक (बूम आणि मास्टचा सांधा) मास्टमध्ये दाबला जातो आणि खालचं ब्रॅकेट मागे उपटलं जातं. ते जर मागच्या बाजूला सपाट पट्टीवर चार रिव्हेटनी लावलेलं असेल तर एखाद्या जोरदार जाइबमध्ये (शीड झपकन एका बाजूकडून दुसरीकडे जातं तेव्हा) हातात येईल. यावरचा उपाय जाड स्क्रू हा नव्हेच. दोन्ही कडांना कान असलेलं, मास्टला मिठी मारणारं ब्रॅकेट घ्या. रिव्हेट मग कडेच्या भिंतींवर येतात, आणि तीच मागे ओढणारी ताकद त्यांच्यासाठी भिंतीला समांतर होते. फिटिंगचा आकार बदलून ओढीची दिशा बदलता आली, तर रिव्हेटचा व्यास वाढवायची गरज सहसा पडत नाही.

रिव्हेट, आटे, की आरपार बोल्ट

कायमचं बसवायचं, ओढ मुख्यतः समांतर, भिंत पातळ: रिव्हेट. मास्टवर मोनेलचे पॉप रिव्हेट वापरतात. मोनेल म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश निकेल आणि बाकी मुख्यतः तांबं. ४.८ मिलिमीटरचा रिव्हेट या बोटींवर बहुतेक ठिकाणी पुरतो, त्याला ४.९ चं भोक; मोठ्या कामाला ६.४ चा, त्याला ६.५ चं. लांबी निवडताना खोक्यावरची पकड-मर्यादा बघा: भिंत ३ आणि फिटिंगची पट्टी ३, तर ६ मिलिमीटर त्या मर्यादेच्या मध्यात कुठेतरी यायला हवेत. लांब रिव्हेट आत नीट फुगत नाही, आखूड असला तर त्याला धरायलाच काही उरत नाही. हे रिव्हेट साध्या एका हाताच्या पक्कडगनने ओढायला गेलात तर मनगट जाईल. दोन लांब दांड्यांची गन भाड्याने किंवा उसनी मिळवा. स्टेनलेसचे रिव्हेट आणखी कडक. साधे ॲल्युमिनियमचे रिव्हेट वायरच्या क्लिपा आणि रिकामी भोकं बुजवणं एवढ्यापुरते ठेवा.

पुन्हा काढावं लागणार असेल (विंच, ट्रॅक, कॅम क्लीट) तर भिंतीत आटे पाडून मशीन स्क्रू. एम५ ला ४.२ चं भोक, एम६ ला ५ चं. अमेरिकेहून आलेल्या जुन्या फिटिंगमध्ये पाव इंची स्क्रू असतात. ते एम६ सारखेच दिसतात आणि दोन फेरे जातातही, मग अडतात. तिथे जोर लावला की आटे संपले. आधी नटमध्ये फिरवून खात्री करा.

विंचला नुसत्या भिंतीतले तीन आटे मला पुरेसे वाटत नाहीत. मास्टचं टोक किंवा जवळची हॅलियार्डची खाच उघडी असेल तर आतून ५-६ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी दोरीला बांधून सरकवता येते. पट्टीला मधोमध आटे पाडून त्यात एक लांब स्क्रू तात्पुरता धरायचा, तिला भिंतीशी ओढून घ्यायचं आणि मग भिंत व पट्टी दोन्हींतून एकत्र आटे पाडायचे. चिकाटीचं काम आहे, दोनदा पट्टी आत पडते आणि मास्ट वाकडा करून हलवावा लागतो. पण मग आठ-नऊ मिलिमीटर आटे मिळतात. विंचखाली मास्टच्या गोलाईला बसणारी बैठक हवीच. सपाट बूड गोल भिंतीवर दोन रेषांवर टेकतं आणि डुलत राहतं.

रिव्हनट (रिव्हेटसारखा आत फुगवून बसवायचा आटेवाला नट) हा मधला मार्ग अनेकजण सुचवतात. एम६ च्या रिव्हनटला सुमारे ९ मिलिमीटरचं भोक लागतं. चार रिव्हनट म्हणजे मास्टच्या एकाच पट्ट्यात चार मोठी भोकं. शिवाय काही वर्षांनी स्क्रू गंजून धरला की स्क्रूबरोबर रिव्हनटच गरगर फिरतो. हलक्या कामाला चालेल.

आरपार बोल्ट मोठ्या भारासाठी. त्यात एकच धोका: नट आवळताना मास्टच्या दोन्ही भिंती आत दबतात. म्हणून आत एक नळी बसवायची. एका भिंतीचं भोक नळीच्या बाहेरच्या व्यासाइतकं मोठं करून नळी आत सरकवायची, समोरच्या भिंतीला टेकवायची, अलीकडचं टोक भिंतीच्या पातळीत कापायचं आणि वर फिटिंगची पट्टी. आवळण्याचा दाब मग नळी घेते. आतून हॅलियार्ड जात असतील तर त्या नळीला घासणार नाहीत अशी जागा निवडा.

आणि पत्र्याचे टोकदार सेल्फ-टॅपिंग स्क्रू? मी एक बोट घेतली तेव्हा मेनसेल (मुख्य शीड) चढवताना दर वेळी हॅलियार्डच्या वेष्टणाचे धागे निघत होते. दोन महिने आम्ही मास्टच्या टोकावरच्या पुलीला दोष देत राहिलो. मास्ट उतरवून आत टॉर्च मारला तर दिव्याच्या वायरसाठी कुणीतरी मारलेले सहा सेल्फ-टॅपिंग स्क्रू आत काट्यांसारखे उभे. तेव्हापासून माझ्या पेटीत ते नाहीत. मशीन स्क्रूचंही टोक आत एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त येऊ देऊ नका. आधी कापून, कानशीने गोल करून मगच बसवा.

कुठला धातू

स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा घ्या. डोक्यावर ए४ लिहिलेलं असतं. ए४-७० किंवा ए४-८०. ए२ म्हणजे ३०४. दोन्हींत मुख्य फरक मॉलिब्डेनमचा, ३१६ मध्ये तो दोन-तीन टक्के असतो आणि खाऱ्या हवेत तोच कामाला येतो. ३०४ वर एका मोसमात चहाच्या रंगाचे ओघळ येतात. मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारातल्या गल्ल्यांत दुकानदार खिशातून चुंबक काढून दाखवतात, "बघा साहेब, चिकटत नाही, एकदम ३१६." चुंबकाला ३०४ पण चिकटत नाही, आणि थंड ठोकून घडवलेलं ३१६ कधीकधी किंचित चिकटतं. चुंबक बाजूला ठेवा आणि डोक्यावरची खूण वाचा. खूण नसेल तर घेऊ नका.

झिंकचा मुलामा दिलेले लोखंडी स्क्रू नकोत. पितळ आणि तांबं उघड्या ॲल्युमिनियमला लागू देऊ नका. फिटिंगमधली भोकं शंकूच्या आकाराची असतील तर चपट्या डोक्याचाच स्क्रू. गोल डोकं तिथे कडेवर टेकतं.

मीठ मधे येऊ द्यायचं नाही

ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस एकमेकांना लागले आणि मधे खारं पाणी आलं की बॅटरी तयार होते, आणि तिच्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. मास्ट मोठा आणि स्क्रू छोटा असल्याने अख्खा मास्ट काही खाल्ला जात नाही. पण स्क्रूच्या आट्यांतल्या फटीत, जिथे पाणी शिरतं पण वाळत नाही, तिथे पांढरी भुकटी साचते. ती फुगते. बाहेर रंगाला फोड येतो आणि आत स्क्रू असा धरतो की डोकं तुटेल पण फिरणार नाही. मोनेललाही यातून सूट नाही.

म्हणून प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना आणि रिव्हेटच्या अंगाला लेप. कायमच्या कामाला ड्युरालॅक नावाचा लेप: पिवळट पेस्ट, वाळून रबरासारखी होते. पारंपरिक ड्युरालॅकमध्ये बेरियम क्रोमेट असतं, हातमोजे घाला आणि हात न धुता वडापावाला हात लावू नका. जे दोन-तीन वर्षांनी काढायचं आहे त्याला टेफ-जेल नावाचं ग्रीस. ते महाग वाटतं, पण सुईच्या टोकाएवढं पुरतं. विंचसारख्या सतत थरथरणाऱ्या फिटिंगला निळा, मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) आट्यांवर लावा. तो फटही भरतो. टेफ-जेल आणि थ्रेडलॉकर एकाच स्क्रूवर लावू नका, ग्रीसवर तो धरत नाही. प्लास्टिकच्या क्लीटवर थ्रेडलॉकर सांडू देऊ नका, काही प्लास्टिकला त्याने तडे जातात. आणि गॅरेजमधलं ग्रॅफाइटचं किंवा तांब्याचं ग्रीस इथे अजिबात नको. त्या बॅटरीला ते खाद्यच.

स्टेनलेसची पट्टी असेल तर तिच्याखाली पातळ नायलॉन किंवा डेलरिन प्लास्टिकचा तुकडा पट्टीच्या आकारात कापून ठेवा, कडा दोन मिलिमीटर बाहेर. हे दहा मिनिटांचं काम लोक सर्रास सोडतात.

भोक पाडताना

जागा ठरवताना भोकं एकाच आडव्या रेषेत आणू नका. मास्ट तिथेच वाकायला आणि चिरायला बघतो. वरखाली पसरवा. दोन भोकांत निदान व्यासाच्या तिप्पट अंतर, कडेपासून दुप्पट. स्प्रेडर, गूजनेक आणि मास्ट डेकमधून खाली जात असेल तर डेकची पातळी, या जागांपासून शक्य तेवढं लांब.

फिटिंग टेकवून एकाच भोकाची खूण करा. सेंटर पंचने हलका ठोका द्या, नाहीतर गोल भिंतीवरून बिट घसरतं आणि ॲनोडायझिंगवर (ॲल्युमिनियमवरच्या संरक्षक थरावर) ओरखडा कायमचा राहतो. बिटवर नळीचा तुकडा चढवून फक्त सहा-सात मिलिमीटर टोक उघडं ठेवा, म्हणजे भिंत फुटताच बिट आत घुसून वायर किंवा हॅलियार्ड कापणार नाही. आधी ३ चं, मग हव्या मापाचं. मग त्या एका भोकात आटे पाडून स्क्रू लावा, फिटिंग सरळ करा आणि त्यानंतरच बाकीच्या भोकांच्या खुणा करा. चारही खुणा आधी केल्या तर तिसरं भोक हमखास अर्धा मिलिमीटर चुकतं.

टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) रॉकेलचे थेंब द्या. ॲल्युमिनियमचा कीस चिकट असतो, टॅपच्या खाचांत बसतो आणि कोरडा टॅप आटे फाडत जातो. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, टॅप भिंतीला काटकोनात. कीस व्हॅक्यूमने ओढून घ्या. आवळताना छोटी ॲलन की तिच्या आखूड बाजूने धरा. तीन आट्यांना तेवढाच जोर परवडतो.

जुनं निघत नसेल तर

धरून बसलेला स्टेनलेस स्क्रू उष्णतेने सुटतो, कारण ॲल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा जास्त पसरतं. हीट गन वापरा. गॅसची ज्योत एकाच जागी धरली तर मास्टचं कडकपण जातं. गरम, थंड, भेदक तेल, हलके ठोके, पुन्हा गरम. घाई केली की डोकं गेलं. रिव्हेट काढताना आधी मधली काडी पंचने आत ठोका, मग रिव्हेटच्याच मापाच्या बिटने फक्त डोकं उडवा. शेपूट आत पडतं. ते मास्ट आडवा असतानाच हलवून बाहेर काढा, नाहीतर मूरिंगवर बांधलेल्या बोटीत झोपलात की रात्रभर लाटेगणिक मास्टमध्ये खुळखुळा वाजेल.

आटे मेलेलं भोक असेल तर एम५ चं एम६ करा किंवा रिव्हेटवर जा. हेलिकॉइल (खराब भोकात बसवायची आट्यांची तार) एवढ्या पातळ भिंतीत काही उपयोगाचं नाही.

लाकूड आणि कार्बन

लाकडी डोलकाठीत खरा शत्रू आत झिरपणारं पाणी. भोक मोठं पाडा, इपॉक्सीने भरा, सुकल्यावर त्यातच स्क्रूच्या मापाचं भोक. स्क्रू सिलिकॉन ब्राँझचा किंवा ३१६ चा. कार्बनवर हिशेब उलटतो: कार्बन टिकतो आणि त्याला लागलेलं ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्लं जातं, म्हणून ॲल्युमिनियमचे रिव्हेट तिथे नकोत, आणि भोकाने तंतू कापले जातात, म्हणून बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय एकही भोक नको.

मास्ट चढवल्यावर

बसवलेल्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून फिटिंगपर्यंत पर्मनंट मार्करने एक बारीक रेघ ओढा. ऑक्टोबरमध्ये पहिल्या दोन-तीन सफरींनंतर बोटीवरून उतरण्याआधी रेघा बघा. रेघ तुटली असेल तर स्क्रू फिरला आहे. तो नुसता आवळून सोडू नका, पूर्ण काढा. आटे स्वच्छ असतील तर लेप बदलून पुन्हा लावा; स्क्रूच्या आट्यांत ॲल्युमिनियमच्या चकाकत्या तारा गुंडाळलेल्या दिसल्या तर ते भोक संपलं, तिथे पुढच्या मापाचा स्क्रू किंवा रिव्हेट. क्लीटच्या खालच्या टोकाशी नखही सरकवून बघा.